नाकपोकळीतील लहान गाठ: ऑपरेशन आणि रेडिओथेरपी नीट पार पडावी म्हणून

एकच नाकपुडी सतत चोंदते, त्याच बाजूने अधूनमधून घोळणा फुटतो आणि सर्दीची औषधे घेऊनही फरक पडत नाही. नाकपोकळीच्या कर्करोगाची सुरुवात बहुतेक वेळा इतकी साधी असते. हा आजार दुर्मीळ आहे. डोके आणि मान या भागातल्या सगळ्या कर्करोगांत नाकपोकळी आणि सायनस (नाकाभोवतीच्या हाडांतल्या हवेच्या पोकळ्या) यांचे कर्करोग मिळून जेमतेम ३ ते ५ टक्के भरतात. म्हणून संशय यायलाच वेळ लागतो. साधे पॉलिप, म्हणजे नाकाच्या अस्तराचे कर्करोग नसलेले फुगवटे, सहसा दोन्ही नाकपुड्यांत असतात. एकाच बाजूला 'पॉलिप' दिसत असेल तर तपासणी पूर्ण होईपर्यंत त्याला पॉलिप म्हणू नये.

गाठ लहान असताना सापडली तर बरे होण्याची शक्यता चांगली असते, पण पहिला उपचार नीट झाला तरच. त्या उपचारात एक प्रश्न शेवटपर्यंत पाठ सोडत नाही: गाठीचे मूळ नेमके कुठे आहे? पोकळीभर लोंबणारी गाठ चिकटलेली असते ती अनेकदा सेंटिमीटरभर जागेवर. ती जागा ठाऊक असली की सर्जनला तेवढाच भाग खोलवर काढता येतो आणि रेडिओथेरपीचे क्षेत्रही आटोपशीर राहते. ती जागा नोंदवली गेली नाही तर पुढचे सगळे अंदाजाने होते. आणि इथून डोळा, दृष्टीची नस आणि मेंदू काही मिलिमीटरवर असतात.

आधी स्कॅन, मग तुकडा

दुर्बिणीतून गाठ दिसली की लगेच तुकडा काढायचा मोह होतो. तो आवरायला हवा. आधी सीटी आणि एमआरआय, मग बायोप्सी (तपासणीसाठी तुकडा काढणे), हाच क्रम ठेवावा. तुकडा काढल्यावर रक्त साचते, सूज येते आणि नंतरच्या एमआरआयमध्ये गाठ कुठे संपते ते धूसर होते. दुसरे कारण जास्त गंभीर आहे. नाकाच्या छतातून खाली उतरलेला मेंदूच्या आवरणाचा फुगाही गाठीसारखाच दिसतो. किशोरवयीन मुलांमध्ये रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेली अँजिओफायब्रोमा नावाची गाठ होते. तिचा तुकडा बाह्यरुग्ण विभागात घेतला तर रक्तस्राव आवरत नाही.

सीटी आणि एमआरआय एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. सीटी हाडासाठी: पातळ काप घेऊन नाकाचे छत, डोळ्याच्या खोबणीची भिंत आणि टाळू शाबूत आहेत का ते बघायचे. इनव्हर्टेड पॅपिलोमासारख्या (नाकातली बहुधा कर्करोग नसलेली एक गाठ) गाठीत, जिथे मूळ असते तिथले हाड सीटीवर पुष्कळदा स्थानिक जाड झालेले दिसते. ही खूण रेडिओलॉजिस्टकडून मुद्दाम विचारून घ्यावी. एमआरआय मऊ भागासाठी, आणि तो कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिले जाणारे, गाठ उठून दिसावी यासाठीचे औषध) देऊनच करावा. सायनस भरलेला दिसतो तेव्हा आत गाठ आहे की गाठीने वाट अडवल्यामुळे साचलेला शेंबूड आहे, हे एमआरआयच सांगतो. सीटीवर दोन्ही सारखेच राखाडी दिसतात आणि गाठ आहे त्यापेक्षा मोठी वाटते. नसेच्या कडेने आजार सरकत असेल तर तोही एमआरआयवरच कळतो.

बायोप्सी गाठीच्या पृष्ठभागावरून न घेता आतून घ्यावी. वरचा थर बऱ्याचदा सुजलेल्या श्लेष्मल त्वचेचा (नाकाच्या आतल्या ओलसर अस्तराचा) किंवा मृत पेशींचा असतो, आणि रिपोर्ट येतो 'साधी सूज'. दुर्बिणीतले चित्र आणि रिपोर्ट जुळत नसतील तर तुकडा पुन्हा घ्यायला सांगावे. रिपोर्ट चांगला आला म्हणून सुटल्यासारखे वाटते, पण इथे ते समाधान महागात पडते.

गाठ कोणत्या जातीची, यावर सगळे ठरते

नाकपोकळीत अगदी वेगवेगळ्या स्वभावाच्या गाठी होतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यातल्या काही इतक्या सारख्या दिसतात की विशेष रंगचाचण्यांशिवाय, म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीशिवाय, फरक कळत नाही. म्हणून स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) डोके-मानेच्या कर्करोगांचा अनुभव असलेल्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवावेत. त्यात काही दिवस गेले तरी चालतील.

सर्वांत जास्त आढळतो तो स्क्वेमस सेल कार्सिनोमा. अडिनोकार्सिनोमाचा एक प्रकार लाकडाच्या आणि चामड्याच्या धुळीशी जोडलेला आहे. सुतारकामात वर्षे घालवलेल्या माणसाने हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. अडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा सावकाश वाढतो, पण नसांच्या कडेने दूरवर पोचतो. ऑल्फॅक्टरी न्यूरोब्लास्टोमा वास घेणाऱ्या पेशींमधून, म्हणजे नाकाच्या अगदी छताशी सुरू होतो. त्याच्यासाठी केडिश पद्धतीचे टप्पे वापरतात: फक्त नाकपोकळीत असेल तर ए, सायनसमध्ये गेला तर बी, त्यापलीकडे सी. पेशींची आक्रमकता हायम्सच्या १ ते ४ श्रेणीत मोजतात.

दोन अपवाद आधीच वेगळे काढावेत. नाकातला एनके/टी-सेल लिंफोमा कापून काढायचा आजार नाही. लवकरच्या टप्प्यात त्याला रेडिओथेरपी आणि अस्पॅराजिनेज असलेली केमोथेरपी लागते. तो गाठ समजून मोठे ऑपरेशन केले तर रुग्णाला त्रास तेवढा होतो. दुसरा अपवाद श्लेष्मल त्वचेच्या मेलॅनोमाचा. गाठीचा पसारा टी१ ते टी४ अशा पायऱ्यांत मोजतात, पण त्याच्या वर्गीकरणात टी१ आणि टी२ नाहीतच. गाठ कितीही लहान असली तरी मोजणी टी३ पासून सुरू होते. 'अगदी लहान आहे' या शब्दावर इथे विसंबू नये.

बाकीच्या कर्करोगांत लवकरचा टप्पा म्हणजे टी१ आणि टी२. नाकपोकळीचे चार उपभाग धरतात: मधला पडदा, तळ, बाजूची भिंत आणि नाकपुडीचा दर्शनी भाग. एकाच उपभागात असेल तर टी१. दोन उपभागांत किंवा लगतच्या एथमॉइड सायनसपर्यंत (दोन डोळ्यांच्या मधला) असेल तर टी२. हाडाला थोडा धक्का लागलेला असला तरी या दोन्हींत बसते. डोळ्याच्या खोबणीची आतली भिंत किंवा तळ, टाळू, मॅक्सिलरी (गालातला) सायनस किंवा नाकाच्या छताची चाळणीसारखी हाडपट्टी यांत शिरली की टी३.

ऑपरेशनमध्ये नेमके काय घडते

टी१-टी२ गाठींना सहसा आधी ऑपरेशन करतात आणि बहुतेक वेळा ते नाकपुडीतूनच, दुर्बिणीने होते. चेहऱ्यावर व्रण राहत नाही. यावर एक शंका नेहमी येते: गाठ तुकड्या-तुकड्याने काढली तर कर्करोग पसरत नाही का? लोंबणारा भाग तुकड्यांनी काढणे चालते, कारण तो हवेत असतो. मुळाचा भाग मात्र वेगळ्या शिस्तीने काढावा लागतो.

सर्जन आधी पोकळीत लोंबणारी गाठ कमी करत जातो. जसजशी जागा होते तसतशी गाठ कुठे टेकलेली होती आणि कुठून उगवली होती, ते दिसू लागते. मग मुळाभोवती निरोगी त्वचेत चीर घेऊन त्वचा आणि हाडावरचा पापुद्रा एकत्र उचलतात. खालचे हाड हिऱ्याच्या ड्रिलने घासतात किंवा काढूनच टाकतात. शेवटी उरलेल्या कडांचे छोटे तुकडे घेऊन प्रत्येकावर नाव घालतात: वरची कड, मागची कड, पडद्याकडची, डोळ्याकडची. ते ऑपरेशन चालू असतानाच गोठवून तपासतात आणि एखादी कड खराब निघाली तर तिथेच आणखी काढतात. मुख्य गाठ तुकड्यांत निघालेली असल्याने तिच्या कडा वाचता येत नाहीत. 'मार्जिन' म्हणून भरवसा ठेवायचा तो या नाव घातलेल्या तुकड्यांवर.

म्हणून ऑपरेशनची नोंद मिळाली की त्यात मुळाची जागा आणि कडांची नावे आहेत का, हे आधी बघा. 'उजव्या बाजूची गाठ पूर्ण काढली' एवढेच लिहिले असेल तर सर्जनकडून सविस्तर नोंद मागून घ्या. शक्य असल्यास व्हिडिओही ठेवावा.

मूळ छताशी असेल, उदाहरणार्थ ऑल्फॅक्टरी न्यूरोब्लास्टोमात (पुढे नुसते न्यूरोब्लास्टोमा), तर चाळणीपट्टी आणि तिच्यावरचे मेंदूचे आवरणही काढावे लागू शकते. मग ते भोक बुजवायला मधल्या पडद्याची त्वचा तिच्या रक्तवाहिनीसकट वळवून वर लावतात. पडद्यावर त्या बाजूला गाठ असेल तर ही त्वचा वापरता येत नाही, म्हणून दुरुस्तीचा बेत आधीच ठरलेला हवा. या ऑपरेशनात वास जाण्याची शक्यता मोठी असते. एकाच बाजूचे छत काढून भागले तर दुसऱ्या बाजूचा वास टिकू शकतो. हे आधी विचारावे, कारण शुद्धीवर आल्यावर कळले की धक्का बसतो.

सगळ्याच गाठी दुर्बिणीने निघत नाहीत. चेहऱ्याची त्वचा, टाळू किंवा डोळ्याच्या खोबणीतला मऊ भाग गाठीने धरला असेल तर बाहेरून चीर घ्यावी लागते. सर्जन असे सांगत असेल तर त्याला मागासलेले समजू नका. कड कुठून स्वच्छ मिळेल, यावर वाट निवडायची असते.

नाकपुडीच्या दर्शनी भागातल्या गाठीचा हिशोब निराळा आहे. तिथे कूर्चा कापली की नाकाचा आकार जातो. लहान आणि वरवरच्या गाठीला तिथे रेडिओथेरपी, विशेषतः ब्रॅकीथेरपी, ऑपरेशनच्या तोडीचे नियंत्रण देते आणि नाक शाबूत राहते. त्यात बारीक नळ्या बसवून इरिडियम-१९२ चा स्रोत गाठीपर्यंत नेतात. रोज दोन मात्रा, मध्ये किमान ६ तास, या पद्धतीने हा उपचार साधारण आठवडाभरात संपतो. कूर्चा किंवा हाड पोखरले गेले असेल तर मात्र पारडे पुन्हा ऑपरेशनकडे झुकते.

ऑपरेशननंतरचे दिवस

पहिले काही आठवडे नाक शिंकरू नये. शिंक आलीच तर तोंड उघडे ठेवून येऊ द्यावी. डोके साधारण ३० अंश उंच ठेवून झोपावे, वजन उचलू नये, शौचाला जोर करावा लागू नये म्हणून पोट साफ होण्याचे औषध घ्यावे. हे सगळे छताच्या दुरुस्तीवर आतून दाब येऊ नये म्हणून. झोपेत श्वासाचे मशीन वापरणाऱ्याने ते कधी सुरू करायचे, हे सर्जनला विचारल्याशिवाय ठरवू नये.

खारट पाण्याने नाक धुणे हा पुढच्या कित्येक महिन्यांचा नेम आहे. सुरुवात सर्जन सांगेल तेव्हाच करावी. छत दुरुस्त केले असेल तर ती उशिरा होते. पद्धत अशी:

१. पाणी किमान १ मिनिट खळखळून उकळून कोमट होऊ द्यावे, किंवा डिस्टिल्ड पाणी वापरावे. नळाचे कच्चे पाणी नाकात घालू नये. त्यातून नेग्लेरिया हा अमीबा मेंदूपर्यंत गेल्याची उदाहरणे आहेत.
२. २४० मिलिलिटर पाण्यात साधारण २ ग्रॅम, म्हणजे छोटा अर्धा चमचा, आयोडीन नसलेले मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा. मीठ कमी पडले तर झोंबते, जास्त झाले तरी झोंबते.
३. पुढे वाकून, तोंडाने श्वास घेत, बाटली हलकेच दाबावी. पाणी दुसऱ्या नाकपुडीतून किंवा तोंडातून बाहेर येऊ द्यावे.
४. बाटली रोज धुऊन पूर्ण वाळवावी.

आतल्या खपल्या ओढून काढू नयेत. त्यांच्याखाली नवी त्वचा येत असते. ओढल्या तर रक्त येते आणि समोरासमोरच्या दोन भिंती चिकटतात. ते काम दुर्बिणीखाली डॉक्टरांनी करायचे.

तीन गोष्टींना वाट पाहायची नाही. पहिली, एका नाकपुडीतून पाण्यासारखा स्वच्छ थेंब, पुढे वाकल्यावर वाढणारा, खारट चवीचा. हा मेंदूभोवतीचा द्रव असू शकतो. थेंब स्वच्छ डबीत धरून ठेवावा, बीटा-२ ट्रान्सफेरिन चाचणीने खात्री होते. सोबत ताप, मान आखडणे, असह्य डोकेदुखी असेल तर ती मेनिंजायटिसची (मेंदूच्या आवरणाच्या संसर्गाची) शंका. दुसरी, डोळा अचानक पुढे येणे, दुखणे, नजर कमी होणे: खोबणीत रक्त साचले तर नजर कायमची जाऊ शकते, म्हणून मिनिटे मोजायची. तिसरी, भळाभळा रक्त. सरळ बसून पुढे वाकावे, नाकाचा मऊ भाग दाबून धरावा आणि निघावे. डोके मागे टाकू नये, रक्त घशात उतरते.

रेडिओथेरपी लागणार की नाही

टी१, कमी आक्रमक जात, कडा स्वच्छ आणि त्या विश्वासाने तपासलेल्या असतील तर ऑपरेशन पुरेसे होऊ शकते. अशा वेळी केवळ भीतीपोटी किरण घेऊ नयेत; त्यांचे दुष्परिणाम दहा वर्षांनीही उमटतात. उलट कड खराब किंवा अगदी जवळची, पेशी आक्रमक, नसेच्या कडेने किंवा रक्त-लसवाहिन्यांत शिरकाव, किंवा अडिनॉइड सिस्टिक जात असेल तर रेडिओथेरपी टाळणे धोक्याचे. न्यूरोब्लास्टोमातही, अगदी लहान आणि स्वच्छ निघालेल्या गाठी सोडल्या तर, ती बहुतेकदा देतात.

मात्रेचा सर्वसाधारण अंदाज: ऑपरेशननंतर ६० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे माप), रोज २ ग्रे, आठवड्यात ५ दिवस, म्हणजे ३० सिटिंग आणि ६ आठवडे. कड खराब असेल तर ६६ ग्रेपर्यंत. ऑपरेशन शक्यच नसेल आणि किरणांवरच भिस्त असेल तर ६६ ते ७० ग्रे, साडेसहा-सात आठवडे. सुरुवात ऑपरेशननंतर ६ आठवड्यांच्या आत व्हावी. म्हणून रेडिओथेरपीच्या डॉक्टरांची पहिली भेट ऑपरेशनच्या आधीच झालेली बरी.

त्याच सुमारास दंतवैद्याकडेही जावे. काढायचे दात किरणांच्या किमान १० ते १४ दिवस आधी काढून जखम भरू द्यावी. किरण लागलेल्या जबड्यातला दात नंतर काढला तर जखम न भरता हाड मरू शकते.

नियोजन: इथे घाई नको

चेहऱ्यावर गरम करून मऊ केलेल्या प्लास्टिकचा मास्क बसवतात. तो थंड होताना चेहऱ्याचा आकार घेतो आणि रोज डोके त्याच जागी धरून ठेवतो. मग नियोजनाचा सीटी होतो. त्यावर ऑपरेशनच्या आधीचा एमआरआय जुळवून बसवतात, कारण आता गाठ नाही, ती कुठे होती ते जुना एमआरआयच सांगतो. मुळाची जागा सर्जनच्या नोंदीतून घेतात. ऑपरेशनआधीच्या स्कॅनची डिस्क हरवली असेल तर डॉक्टरांना जास्त मोठा भाग धरावा लागतो.

अडचण नाकाच्या हवेची आहे. किरण हवेच्या पोकळीतून बाहेर पडून पुन्हा त्वचेत शिरतात तिथे पहिल्या थरात मात्रा कमी पडते, आणि उरलेला आजार असलाच तर तो त्याच थरात असतो. हे हिशोबात धरणारी संगणक-पद्धत वापरावी लागते. दर्शनी भागाच्या उपचारात नाकपुडीत आणि नाकावर मेणासारखा पदार्थ बसवून पोकळी भरून काढतात. प्रोटॉन किरणांच्या (ठरावीक खोलीवर थांबणाऱ्या) उपचारात तर नियोजनाच्या दिवशी रिकामी असलेली पोकळी नंतर शेंबडाने भरली तरी मात्रा सरकते. म्हणून मधे पुन्हा सीटी होणार का, हे विचारावे. नाक धुण्याचा नेम न चुकवण्याचे हे आणखी एक कारण.

डॉक्टरांना विचारण्याजोगे आकडे थोडेच आहेत. दृष्टीची नस आणि दोन्ही नसा जिथे मिळतात ती जागा ५४-५५ ग्रेच्या आत, मेंदूचा देठ ५४ च्या आसपास, डोळ्याच्या भिंगाला शक्य तितके कमी. भिंगाला मात्रा लागली तर मोतीबिंदू होतो, तो काढता येतो. अश्रुग्रंथी मात्र विसरली जाते. कोरडा पडलेला डोळा मोतीबिंदूपेक्षा जास्त छळतो आणि त्याला सोपा इलाज नाही, म्हणून तिची मात्रा वेगळी विचारावी. हे साधायला आयएमआरटी (अनेक दिशांनी, कमी-जास्त तीव्रतेने किरण देण्याची पद्धत) किंवा प्रोटॉन लागतात. साध्या दोन-तीन बाजूंच्या किरणांनी जमत नाही.

लवकरच्या टप्प्यात मानेतल्या लसग्रंथींना सरसकट किरण देत नाहीत. न्यूरोब्लास्टोमात त्यांच्याबद्दल वेगळी चर्चा होते, कारण त्यात लसग्रंथींत आजार काही वर्षांनंतरही उगवतो.

सिटिंग चालू असताना

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून नाक आतून सोलवटल्यासारखे होते, खपल्या वाढतात, टाळूला फोड येतात, त्वचा लाल होते. धुणे दिवसातून ४-५ वेळा करावे लागू शकते. चेहऱ्यावर ब्लेड, चिकटपट्टी, अत्तर नको. डोळ्यांसाठी संरक्षक-रसायन नसलेले अश्रूंचे थेंब आधीपासूनच सुरू करावेत. तंबाखू पूर्ण बंद. तिच्यामुळे जखमा चिघळतात आणि किरणांचा परिणामही घटतो.

खंड पडू देऊ नये. स्क्वेमस जातीच्या पेशी उपचाराच्या चौथ्या आठवड्यानंतर वेगाने वाढू लागतात, आणि वाया गेलेल्या प्रत्येक दिवसाने आजार आटोक्यात येण्याची शक्यता साधारण १ ते दीड टक्क्याने कमी होते. मशीन बंद पडले किंवा सुट्टी आली तर त्या आठवड्यात दोन सिटिंग एका दिवशी, ६ तासांच्या अंतराने, घेता येतील का ते विचारावे. त्रास वाढला तर औषध वाढवून घ्यावे, घरी बसू नये.

नंतरची तपासणी

रेडिओथेरपी संपल्यावर पहिले स्कॅन साधारण १२ आठवड्यांनी. पेट स्कॅन त्याआधी केला तर किरणांची सूज आजारासारखी चमकते आणि नाहक पुन्हा बायोप्सी होते. पहिल्या वर्षी दर १ ते ३ महिन्यांनी दुर्बीण, दुसऱ्या वर्षी २ ते ६, तिसऱ्या ते पाचव्या वर्षी ४ ते ८ महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा. पाच वर्षांनी फाइल बंद करण्याची पद्धत इथे चालत नाही: न्यूरोब्लास्टोमा आणि अडिनॉइड सिस्टिक दहा वर्षांनंतरही परततात. थकवा, वजनात बदल, पाळीतला फरक दिसला तर पिट्युटरीचे (मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीचे) हार्मोन तपासावेत. मानेला किरण दिले असतील तर टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) ६ ते १२ महिन्यांनी. वास गेलेल्या माणसाच्या घरात गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र आणि शिळे अन्न ओळखण्यासाठी डब्यावर तारखा लिहिण्याची सवय हवी.

स्कॅनच्या डिस्क, ऑपरेशनची नोंद, ब्लॉकचा क्रमांक आणि रेडिओथेरपीचा मात्रा-अहवाल एकाच फाइलमध्ये, दोन प्रतींत ठेवावा. पुढे दात काढायची वेळ आली तर दंतवैद्याला आधी किरणांबद्दल सांगावे. त्या दाताखालच्या हाडाला किती ग्रे मिळाले, ते रेडिओथेरपी विभाग या अहवालातून काढून देऊ शकतो.